हा सूर्य, हा जयद्रथ! पण आधी त्याला सोडला कोणी?

सिंधुराज जयद्रथाला काम्यकवनातून जिवंत आणि मोकळा जाऊ दिला, हा पांडवांच्या वनवासातला सगळ्यात महागात पडलेला निर्णय. वेंगुर्ला तालुक्यातल्या माझ्या माहेरी यंदा जत्रेला जे दशावतारी नाटक लागलं, ते याच निर्णयाभोवती उभं होतं. जयद्रथ म्हटलं की आपल्याला चक्रव्यूह आठवतो, झाकलेला सूर्य आठवतो. या कंपनीने गोष्ट त्याच्या कितीतरी आधी, द्रौपदीच्या हरणापासून धरली आणि उजाडेपर्यंत वधापर्यंत आणून पोचवली. जयद्रथाचं आख्यान एवढं मागून सुरू केलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. उणिवाही सांगणार आहे, आणि तुळशीचं लग्न झाल्यापासून पाऊस तोंडावर येईपर्यंत जी माणसं रोज रात्री नव्या गावात तोंडाला रंग लावून उभी राहतात, त्यांच्या पोटावर पाय येईल असं मला काही करायचं नाही. ज्यांना आपल्या गावी हे नाटक ठरवायचं असेल, त्यांनी आख्यानाचं वर्णन सांगून कुडाळच्या बाजारात विचारावं, कंपनी कोणती ते कोणीही सांगेल.

पालखीच्या प्रदक्षिणा आटपून नाटक उभं राहायला मध्यरात्र उलटली. जत्रेला तसंच असतं, त्याबद्दल तक्रार नाही. आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, हल्ली पुष्कळ ठिकाणी उरकून टाकतात. यांनी थोडक्यात केला, पण मनापासून केला. गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती आणि मग काळ्या कपड्यातला, लाल जिभेचा संकासुर. संकासुराने वेद चोरलेले असतात, विष्णू त्याला मारतो, पण कोणा पोराला त्याचा राग येत नाही. तो आपल्याशी मालवणीत बोलतो, गावातल्या भानगडी काढतो, मांडासमोर, म्हणजे नाटकाच्या जागेसमोर, बसलेल्या माणसाला नावाने हाक मारतो. त्याला आणखी कडक शिक्षा करा असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. जयद्रथाचं तसं नाही. तो राजा आहे, जडजड शुद्ध मराठी बोलतो आणि जे करतो ते पूर्ण समजून करतो.

खलपार्ट करणारा नट यंदा नवा होता, तिशीतला असावा. आमच्याकडे खलनायक म्हणजे आल्याआल्या गडगडाट, मिशीवर ताव, पखवाजावर थाप. हा हसत आला. जयद्रथ त्या वेळी शाल्व देशाकडे लग्नाला निघालेला असतो, हे महाभारतातलं तपशीलवार लिहिलेलं सत्य आहे आणि याने ते नीट पकडलं. नवरदेवाचा थाट, गळ्यात हार, बोलण्यात लाघव. पांडव शिकारीला गेलेले, आश्रमात द्रौपदी आणि धौम्य ऋषी. जयद्रथाची बायको दुःशला ही शंभर कौरवांची एकुलती बहीण, म्हणजे तिचा नवरा हा कुरुकुळाचा जावई आणि द्रौपदीच्या नणंदेचा यजमान. द्रौपदी त्याला पाणी देते, बसायला आसन देते, माणसं शिकारीवरून आली की जेवून जा म्हणते. मांडावर एकच बाकडं होतं, तेच आसन, तेच पुढे सिंहासन, तोच रथ. त्या बाकड्यावर बसून त्याने तिची विचारपूस केली. तुझे नवरे आता राज्याला पारखे झाले, तू माझ्याबरोबर चल, हे त्याने ओरडून सांगितलं नाही, व्यवहार समजावल्यासारखं सांगितलं. मला त्याची भीती वाटली. माझ्या शेजारी बसलेल्या मुलींनी हातातली खाज्याची पुडी खाली ठेवली.

स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा पुरुष, मुरलेला नट आहे. द्रौपदी जयद्रथाला ढकलून पाडते, तो उठून तिला रथात घालतो, धौम्य पायदळातून मागे चालत राहतो, हे सगळं एका पदात आणि त्या एका बाकड्यावर झालं. पायपेटीवर बसलेल्या बुवांनी इथे जो सूर लावला त्याला तोड नाही. पाठलागात अर्जुन दुरूनच घोडे मारतो, जयद्रथ द्रौपदीला उतरवून रानात पळतो, भीम त्याला केसाला धरून आणतो. लाथा, बुक्के, मग बाणाच्या पात्याने डोकं भादरणं आणि वर ठेवलेल्या पाच शेंड्या. दादाचा मुलगा माझ्या मांडीला टेकून बसला होता. तो विचारायला लागला, "आत्या, पाच शेंडये कित्याक ठेवल्यान?" लोकांनी बघितलं की समजावं, म्हणून. तोंडाने पांडवांचा दास आहे असंही वदवून घेतलं.

आता न्यायाचा प्रवेश. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद नट जागेवर उभे करतात. त्यामुळे असा प्रवेश एखाद्या रात्री फुलतो आणि एखाद्या रात्री पडतो. त्या रात्री तो फुलला. भीम म्हणाला, मारतो. धर्मराज म्हणाला, दुःशलेचं कुंकू आठव, गांधारीमाता आठव. भीम म्हणाला, द्यूतसभेत कोणाला कोणाचं काय आठवलं होतं? यावर धर्मराजाच्या नटाने अपराध, शिक्षा आणि राजधर्म यावर जे भाषण केलं ते सुंदर होतं, टाळ्या मिळाल्या, आणि नेमक्या त्याच वेळी माईकवरून कुणाच्या तरी बक्षिसाची घोषणा झाली. मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. बक्षीस द्या, भरभरून द्या, पण प्रवेश संपेपर्यंत चिठ्ठ्या हातात ठेवा. नटाने वीस मिनिटं जमवून आणलेली जागा त्या घोषणेने मोडते.

सुदैवाने द्रौपदीने ती पुन्हा जमवली. मूळ कथेत हा क्षण फार छोटा आहे. द्रौपदी आधी स्पष्ट सांगते की याला जिवंत सोडू नका. नंतर भीम त्याला बांधून धर्मराजापुढे आणतो, धर्मराज सोड म्हणतो, भीम म्हणतो द्रौपदीला विचारा. आणि ती धर्मराजाकडे बघून भीमाला सांगते, तुम्ही याचं डोकं भादरलंत, हा राजाचा दास झाला, आता सोडा याला. धर्मराजाकडे बघून. व्यासांनी एवढंच लिहून ठेवलंय आणि पुढे गेले. आमच्या नटाने तिथेच पाय रोवले. तो काही बोलला नाही, नुसता धर्मराजाकडे बघत राहिला. पखवाज थांबला, पायपेटी थांबली. मग मान खाली न घालता, आवाज न चढवता म्हणाला, "सोडा त्याला." माझी काकी, जिचं वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे आणि जिने जन्मभर जत्रेतली नाटकं पाहिली आहेत, ती माझ्या कानाशी म्हणाली, "तिका तोंड उघडूक गावला, पण मनातला बोलूक नाय गावला."

मी तालुक्याच्या गावी महिला समुपदेशनाचं काम करते. तिथल्या कोणाची गोष्ट इथे सांगणार नाही. पण एक वाक्य इतक्या घरांतून ऐकलंय की ते आता कोणा एकीचं राहिलेलं नाही : त्याच्या बहिणीकडे बघ. कुठे साटंलोटं झालेलं असतं, कुठे नणंदेचं लग्न ठरलेलं असतं, कुठे सासू आजारी असते. मारलं एका बाईला, आणि माफी मागितली जाते दुसऱ्या बाईच्या सुखासाठी. २००५ साली घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला. त्यात तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, संरक्षणाचा आदेश आहे, मदतीला संरक्षण अधिकारी आहे. हे सगळं त्या एका वाक्यापुढे कितीदा अडतं ते मी बघते. घरातली माणसं तिच्याभोवती बसतात, तीही मग कोणाच्या तरी तोंडाकडे बघते आणि म्हणते, मिटवा. सगळे म्हणतात, बघा, तिनेच माफ केलं.

म्हणून धर्मराजाने जयद्रथाला माफ केलं असं जे म्हणतात ते मला मान्य नाही. माफी देण्याचा हक्क द्रौपदीचा होता. धर्मराजाने आपल्या ताब्यात नसलेली वस्तू दिली. आणि दिलीही अर्धवट. भीमाने त्याला दास केला होता, म्हणजे निदान तो कोणाच्या तरी नजरेखाली राहणार होता. धर्मराजाने ते दास्यही काढून घेतलं. तू दास नाहीस, जा, पुन्हा असं करू नकोस, एवढं सांगून त्याला पाठवला. परत असं होणार नाही याची हमी मागितली नाही, सैन्य ठेवून घेतलं नाही, द्रौपदीच्या पायावर डोकं ठेवायला लावलं नाही. पदरात काय पडलं? भादरलेलं डोकं आणि मोकळे हात. अपमान पुरेपूर झाला होता, शिक्षा काहीच झाली नव्हती. असा माणूस पश्चात्ताप करायला घरी जात नाही. जयद्रथही घरी गेला नाही, गंगाद्वाराला गेला. तिथे तप करून शंकराकडे मागितलं की पाचही पांडवांना युद्धात हरवीन. शंकराने तेवढं दिलं नाही. अर्जुन सोडून बाकीच्या चौघांना एक दिवस अडवशील, एवढाच वर दिला. तो एक दिवस पुरला.

नाटकात हा तपाचा प्रवेश फार चांगला झाला. नटाने डोक्यावरच्या पाच शेंड्यांना हात लावत लावत शंकराचं नाव घेतलं. भक्ती कुठे संपते आणि सूड कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

दादा देवस्थानच्या कमिटीवर आहे. सकाळी काल्याच्या वेळी त्याचं आणि माझं यावरून चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, धर्मराजाने मारायचा हुकूम दिला असता तर तो धर्मराज कसला, दुर्योधनच की. आणि वनात राहणाऱ्यांनी त्याला ठेवायचा तरी कुठे, वनवास संपत आलेला, पुढे अज्ञातवास, तिथे काय कैदी घेऊन फिरायचं? त्याचा मुद्दा खोटा नाही. पण सोडणं आणि मारणं या दोनच वाटा होत्या हे मी मानत नाही. पांचाल देश होता. द्रौपदीचा बाप द्रुपद होता, भाऊ धृष्टद्युम्न होता. बेड्या घालून जयद्रथाला तिच्या माहेरच्या कोठडीत ठेवता आला असता, आणि त्याला कधी सोडायचा हे तिने ठरवलं असतं. दुःशलेचं कुंकू राहिलं असतं. जयद्रथाचं राज्य गेलं असतं, ते जायलाच हवं होतं. तो पांचालात अडकला असता तर १३व्या दिवशी चक्रव्यूहाच्या तोंडाशी भीमाला अडवायला कोण उभा राहणार होता? काकीने मात्र आमचं दोघांचंही ऐकून घेतलं नाही. "मेल्याक तेव्हाच मारूक व्हयो होतो. आमचो पोरगो तरी वाचलो असतो." तिच्यासाठी अभिमन्यू आमचाच पोरगा आहे. दर जत्रेला तो मरतो आणि दर जत्रेला ती रडते.

उत्तरार्धाबद्दल माझी तक्रार आहे. जाहिरातीत ट्रिकसीनयुक्त लिहिलं होतं आणि ट्रिकसीन त्यांनी वसूल करून घेतले. चक्रव्यूहाला धूर, फिरते दिवे. अभिमन्यूचं युद्धनृत्य उत्तम होतं, पोरगा हलका आहे, पाय पक्के आहेत. पण धुरात त्याचे पायच दिसले नाहीत. पुढच्या रांगेतली लहान मुलं खोकत होती. ज्यांच्याकडे दम्याची माणसं आहेत त्यांनी डाव्या बाजूला, पखवाजाच्या मागे बसावं, वारा तिकडून धूर दूर नेतो. आवाजाची व्यवस्था पहिल्या अर्ध्यात चांगली होती, युद्धात मात्र भोंगे इतके मोठे केले की पदाचे शब्द हरवले.

अभिमन्यू पडल्यावर जयद्रथ त्याच्या देहाला लाथ मारतो, हे आमच्याकडच्या सगळ्या आख्यानांत असतं, इथेही होतं. व्यासांच्या कथेत ती लाथ नाही. तिथे शेवटचा गदेचा घाव दुःशासनाच्या मुलाचा आहे, आणि जयद्रथाचा अपराध हा की त्याने वाट अडवली. मला वाटतं ही लाथ काढावी. लाथ दाखवली की प्रेक्षकांचा सगळा राग तिच्यावर जातो, आणि त्याने चार पांडवांना दाराशी रोखून धरलं म्हणून सोळा वर्षांचं पोर आत एकटं सापडलं, हा खरा गुन्हा मागे पडतो. या नटाला लाथेची गरजही नाही. त्याने भीमापुढे नुसते हात पसरून वाट अडवली आणि शांतपणे डोक्यावरचा मुकुट काढून ते पाच शेंड्यांचं डोकं दाखवलं, तिथेच सगळं आलं होतं. तो मुकुट काढणं हे त्याचं स्वतःचं की कंपनीचं, ठाऊक नाही. ज्याचं असेल त्याला माझा नमस्कार.

वधाचा प्रवेश सगळ्यांना पाठ असतो, तरी मांड गच्च भरलेला राहिला. अर्जुनाची प्रतिज्ञा, सूर्यास्ताआधी मारीन नाहीतर अग्निकाष्ठ भक्षण करीन. कृष्णाने सूर्य झाकला, जयद्रथ बाहेर आला, "हा सूर्य, हा जयद्रथ" म्हटल्यावर चहावाल्यानेसुद्धा किटली खाली ठेवली. मग शिर. जयद्रथाच्या बापाने, वृद्धक्षत्राने, वर दिलेला असतो की जो माझ्या मुलाचं शिर जमिनीवर पाडेल त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील. म्हणून अर्जुन बाणांनी ते शिर उडवत नेऊन संध्येला बसलेल्या त्या बापाच्याच मांडीवर टाकतो, बाप दचकून उठतो, शिर खाली पडतं आणि त्याचंच डोकं फुटतं. तारेवरून शिर नेण्याची करामत त्यांनी मेहनतीने बसवली आहे, मुलं खूश झाली. पण शिर मध्येच अडकलं, परत मागे घेतलं, परत सोडलं, आणि यात इतका वेळ गेला की म्हाताऱ्या बापाच्या नटाला अभिनय करायला जागाच उरली नाही. मुलाला वाचवायला दिलेला वर बापाला मारतो, हे दशावतारी नटाच्या हातात केवढं मोठं धन आहे!

पण सगळ्यात जास्त मला लागलं ते वेगळंच. रात्रभरात दुःशला एकदाही मांडावर आली नाही. तिच्या कुंकवासाठी जयद्रथ सुटला, तिच्या नावाने धर्मराजाने एवढं मोठं भाषण केलं, आणि तिला कोणी काही विचारलं नाही. शाल्व देशाला दुसरं लग्न करायला निघालेल्या नवऱ्याला वाचवा, असं तिने कुणाला सांगितलं होतं का? तिचा खरा प्रवेश महाभारतात फार पुढे, युद्ध संपल्यावर आहे. धर्मराजाच्या अश्वमेधाचा घोडा सिंधुदेशात शिरतो, मागे अर्जुन असतो. अर्जुन आला हे ऐकूनच दुःशलेचा मुलगा सुरथ प्राण सोडतो. आणि ती त्या सुरथाचं तान्हं पोर उचलून, एकटी, लढाईच्या मधोमध अर्जुनासमोर येऊन उभी राहते. अर्जुन गांडीव खाली ठेवतो. ज्याचा मुलगा मेला तोच बाप, ज्याने मारायला लावला त्याच्या नातवंडाला सोडतो. इथे कोणी कोणाच्या वतीने बोलत नाही. ज्याला द्यायचा हक्क आहे तो देतो, आणि जिला मागायचं आहे ती स्वतः येऊन मागते. दादाला मी हेच सांगितलं, क्षमेला माझा विरोध नाही, ही बघ क्षमा. तो काही बोलला नाही, पण पुढच्या वर्षी याच कंपनीला सांगायचं, हे त्याने कबूल केलंय.

तेव्हा ज्या मंडळांना हे नाटक हवं असेल त्यांनी ते जरूर ठरवावं. राजपार्ट, खलपार्ट, स्त्रीपार्ट तिन्ही ताकदीचे आहेत, पायपेटी-पखवाजाची साथ पहिल्या दर्जाची आहे, माणसं वेळेवर येतात, जेवणाखाण्याच्या तक्रारी करत नाहीत. ठरवताना मात्र दोन गोष्टी सांगून ठेवा. धूर कमी, आणि शेवटी दुःशला हवी. स्त्रीपार्टी दोनच आहेत असं कंपनीच्या मालकांनी मला सकाळी सांगितलं, पण दुसरा नट सुभद्रेचा विलाप झाल्यावर रंगपटात मोकळाच बसलेला होता. त्याने पांढरं लुगडं नेसावं, हातात बाळाचं गाठोडं घ्यावं. वेळ लागेल तो शिर उडवण्यातून काढा.